तेलाच्या गावात शेत पडीक का पडतं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

यावेळी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मिळून जे प्रश्न आलेत त्यातले बरेचसे एकाच विषयाचे निघाले, जमिनीखालचं तेल, गॅस, त्याच्या पाइपा आणि त्यात जाणारी शेती. म्हणून उसाच्या बिलाचे आणि हुमणीचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो, कोणी राग मानू नका.

प्रश्न (येळ्ळूर): माझा पुतण्या नायजेरियात तेलाच्या कामावर वेल्डर म्हणून जाऊन आला. तो सांगतोय तिथं विहिरींच्या आसपासची गावंच्या गावं शेती सोडून बसलीत. आम्हाला हे पटंना झालंय. एवढं तेल निघतंय तर गाव सुधारायला पाहिजे, लोक शेती का सोडायलेत?

उत्तर: काका, पुतण्या खरं सांगतोय, आणि यात पटायला अवघड असं जे आहे ते एकदा नीट समजून घ्या, कारण आपल्याकडं जमीन जाते तेव्हाही हेच होतं, फक्त तेल नसतं.

नायजेरियात तेल सापडलं 1956 ला, ओलोइबिरी नावाच्या गावात, नायजर नदीच्या मुखाच्या प्रदेशात. 1958 पासून ते जहाजानं बाहेर जायला लागलं. तिथले लोक शेतकरी आणि मच्छीमार, कसावा लावायचे (आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोच), तळ्यात मासे पाळायचे. आता बघा, विहिरीला जागा लागते किती, एकर-दोन एकर. पण तिथपर्यंत रस्ता लागतो, पाइप लागते, साठवायच्या टाक्या लागतात, गॅस जाळायची चिमणी लागते, आणि हे सगळं सलग एका कोपऱ्यात नसतं, शेतांच्या मधनं जातं. उत्तर अमेरिकेतला एक अभ्यास 2015 ला आला होता, त्यात 2000 ते 2012 या काळात नुसत्या नव्या विहिरी, त्यांचे रस्ते आणि बाकीचं बांधकाम यांनी किती जमीन व्यापली ते काढलं होतं, ती निघाली सुमारे 30 लाख हेक्टर. आपला अख्खा बेळगाव जिल्हा, अथणीपासून खानापूरच्या जंगलापर्यंत, साडेतेरा लाख हेक्टरच्या आतबाहेर आहे, म्हणजे दोन बेळगाव जाऊन वर काही उरतं.

पण ही झाली मोजणीत येणारी जमीन. ओगोनीलँडमध्ये, म्हणजे त्याच तेलाच्या पट्ट्यातल्या ओगोनी लोकांच्या मुलखात, जे झालं ते मोजणीच्या बाहेरचं. तिथली पाइपलाइन फुटायची, कधी गंजून, कधी चोरीसाठी कोणी फोडून, आणि तेल शेतात पसरायचं. लोकांनी मोठं आंदोलन केलं, 1993 ला शेल कंपनीनं तिथलं तेल काढणं थांबवलं, आंदोलनाचे नेते केन सारो-विवा आणि त्यांचे आठ साथीदार यांना लष्करी सरकारनं 10 नोव्हेंबर 1995 ला फाशी दिली. तेल काढणं थांबून अठरा वर्षं झाल्यावर, 2011 ला, संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं तिथली माती आणि पाणी तपासलं तर तेल कित्येक ठिकाणी पाच मीटर खोलपर्यंत मुरलेलं सापडलं, आणि एका गावात पिण्याच्या विहिरीत बेंझीन जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या 900 पटीपेक्षा जास्त होतं. अहवालात लिहिलंय की साफ करायला 25 ते 30 वर्षं लागतील. आता मला सांगा, ज्याच्या रानात पाच मीटर खाली तेल आहे त्यानं तिथं काय पेरायचं आणि किती वर्षं थांबायचं? पोरं शहरात जातात, म्हातारी मागं राहतात, बांध ढासळतो, आणि सरकारी कागदावर ती जमीन मात्र शेतीचीच राहते. शेत गेल्याची नोंद कुठंच नाही.

त्यात तिथला कायदा. 1978 च्या जमीन कायद्यानं जमिनीचा ताबा राज्याच्या गव्हर्नरकडं गेला, भरपाई मिळते ती उभ्या पिकाची, झाडांची, घराची. मातीची किंमत धरायचीच नाही. म्हणजे पुढच्या तीस वर्षांची पिकं कोणाच्या हिशेबात नाहीत. गोई आणि ओरुमा या गावांतले शेतकरी शेलविरुद्ध थेट नेदरलँड्सच्या कोर्टात गेले (कंपनीचं मुख्य ऑफिस तेव्हा तिथं होतं), 2008 ला केस घातली आणि 29 जानेवारी 2021 ला हेगच्या अपील कोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला, 2022 च्या शेवटी दीड कोटी युरोची भरपाई ठरली. निकाल येईपर्यंत केस घालणाऱ्यांतले काही जण गेलेले होते, त्यांच्या पोरांनी ती चालवली. हलगा-मच्छे बायपासमध्ये जाणाऱ्या जमिनीसाठी आपल्याकडचे शेतकरी वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढले ते तुम्ही येळ्ळूरकरांनी जवळून बघितलंय, तर तेरा वर्षं म्हणजे काय हे मी वेगळं सांगायची गरज नाही.

आणखी एक, पुतण्याला विचारून बघा. नायजेरियाच्या उत्तरेला कानो शहरात भुईमुगाच्या पोत्यांचे डोंगर रचायचे, तिथून शेंगदाणा जगभर जायचा. तेलाच्या विहिरींपासून ते शेकडो किलोमीटर लांब, तरी 1970 च्या दशकात ते डोंगर संपले. दुष्काळ पडला, भुईमुगावर रोग पडला हे आहेच, पण सरकारच्या हातात तेलाचा पैसा आल्यावर शेतकऱ्याकडं बघायचं कारणच राहिलं नाही, चलन महाग झालं, बाहेरचं धान्य स्वस्त पडायला लागलं. ज्याच्या रानात तेलाचा एक थेंब सांडला नाही त्यालाही शेती परवडेना.

प्रश्न (उगार खुर्द): आमच्या सात एकरातली अडीच एकर क्षारपड झालीय, पांढरं मीठ वर येतंय. तेलाच्या विहिरीनं पण जमीन अशीच खारट होते असं वाचलं. तेलात मीठ कुठलं?

उत्तर: दादा, तेलात नाही, तेलाबरोबर येणाऱ्या पाण्यात. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्राचं पाणी त्या खडकात तेलाबरोबर अडकलेलं असतं, विहीर सुरू केली की दोन्ही एकदम वर येतात, आणि विहीर जुनी होईल तसं तेल कमी आणि पाणी जास्त, शेवटी शेवटी तेलाच्या कितीतरी पट पाणी. हे पाणी बऱ्याचदा समुद्रापेक्षा खारट असतं, काही ठिकाणी समुद्राच्या सात-आठ पट. ते परत खाली खोल सोडायचं असतं, पण आधीच्या काळात उघड्या खड्ड्यात सोडायचे, आणि आता पाइपनं नेतात ती पाइप फुटते. अमेरिकेत नॉर्थ डकोटात अशी एक पाइप फुटल्याचं जानेवारी 2015 ला उघड झालं, तोवर कोट्यवधी लिटर खारं पाणी सांडून ओढ्यात गेलं होतं. त्या राज्यात जुन्या खड्ड्यांच्या जागी आज पन्नास-साठ वर्षांनीसुद्धा गव्हाच्या शेतात मधेच उघडी टकलं दिसतात.

तुमच्या रानात जे झालंय ते कृष्णेच्या काठाला अथणी, रायबाग, चिकोडी सगळीकडं झालंय, जास्तीचं पाणी, निचरा नाही, खालचं मीठ हळूहळू वर. मातीत सोडियम वाढलं की काळ्या मातीचे कण फुगतात, भोकं बंद होतात, वरचं पाणी खाली जात नाही आणि मुळाला हवा मिळत नाही. तेलाच्या पाण्यानं हेच होतं, पण वीस वर्षांत नाही, एका रात्रीत आणि वरून. आपल्याला निदान कळत जातं, आधी ऊस पिवळा, मग उगवण कमी, मग पांढरा थर, तोवर चर काढता येतो, पाइप ड्रेनेज घालता येतं. शिवाय त्या पाण्यात तेलाचा अंश असतो, थोडी रेडियमसारखी द्रव्यंही असतात, त्यामुळं माती नुसती धुवून सोडून द्यायची म्हटलं तर ते धुतलेलं पाणी खालच्या शेतकऱ्याच्या रानात जातं.

तुमच्या अडीच एकराचं सांगतो, कारण ती वाचवता येते. नुसतं जिप्सम टाकून काही होणार नाही, जिप्सम सोडियमला मोकळं करतं पण मोकळं झालेलं मीठ वाहून जायला खाली वाट पाहिजे. आधी निचरा, मग जिप्सम, मग धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) पेरून फुलायच्या आत गाडायचा. आणि आधी माती तपासून घ्या, सामू आणि क्षारता दोन्ही, नुसती खारट असेल तर जिप्समचा खर्च वाया जाईल. एकट्यानं ड्रेनेज घालून उपयोग नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मिळून पाणी ओढ्यापर्यंत न्यायला पाहिजे, हे भावबंदकीत अवघड आहे मला माहीत आहे, तरी बोलून बघा.

प्रश्न (हुक्केरी): आपल्या भागात तेल सापडेल काय?

उत्तर: नाही. तेल गाळाच्या खडकात सापडतं, आणि आपल्या खाली एकतर लाव्हारसाचा काळा पाषाण आहे नाहीतर त्याहून कितीतरी जुना खडक. विहिरी येणार नाहीत. पाइपा मात्र येऊन गेल्यात, पुढचा प्रश्न वाचा.

प्रश्न (बेळगाव तालुका): गॅस पाइपलाइनसाठी शेतातला पट्टा घेतात तेव्हा जमीन कोणाची राहते? उताऱ्यावर नाव आपलंच असतं म्हणतात, मग झाड का लावू देत नाहीत? आणि पैसे किती मिळायला पाहिजेत?

उत्तर: हा प्रश्न फार चांगला विचारलात, दाभोळहून बेंगळुरूला जाणारी गॅसची पाइपलाइन 2013 ला सुरू झाली ती आपल्याच जिल्ह्यातून पुढं धारवाड, गदगकडं गेलीय, आणि तरी या कायद्याची माहिती गावात फार थोड्यांना आहे.

कायदा आहे 1962 चा, पेट्रोलियम आणि खनिज पाइपलाइनचा. त्यात सरकार जमीन विकत घेत नाही, वापरायचा हक्क घेतं. मालकी तुमची, उताऱ्यावर नाव तुमचं, पाइप गाडून झाल्यावर आधी जे पीक घेत होता ते घ्यायला मोकळे. पण त्या पट्ट्यावर घर-शेड बांधायचं नाही, विहीर किंवा शेततळं खोदायचं नाही, झाड लावायचं नाही. म्हणजे भात, सोयाबीन चालेल, आंबा-काजू नाही, आणि बोअर मारायची असली तर पट्टा सोडून. भरपाई दोन प्रकारची. एक, काम करताना जे नुकसान झालं त्याची, उभं पीक, तोडलेली झाडं, मोडलेला बांध. दुसरी, हक्क घेतल्याबद्दल जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के, आणि तो बाजारभाव पहिली अधिसूचना निघाली त्या दिवसाचा धरतात. दहा टक्के फक्त, आणि एकदाच. माझ्या मते हा सगळ्यात मोठा अन्याय आहे, कारण बेळगावच्या आसपास ज्या जमिनीचा उद्या प्लॉट पडू शकतो तिथं त्या पट्ट्यानं शेजारच्या गुंठ्यांची किंमतसुद्धा उतरते आणि कायदा मात्र पट्ट्यापुरतंच बघतो.

अधिसूचना निघाल्यावर हरकत घ्यायला 21 दिवस असतात. एकवीस दिवस म्हणजे काय ते बघा, नोटीस कन्नडमध्ये, घरात वाचणारं कोणी नाही, पोरगा पुण्याला, तो रविवारी येणार, फोटो काढून कोणाला तरी पाठवायचा, तोवर दहा दिवस गेले. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, गावात कन्नड आणि कायदा दोन्ही कळणारा एक माणूस धरून ठेवा, नोटीस आली त्याच दिवशी वाचून घ्या आणि हरकत लेखी द्या, पोच घ्या. भरपाईची रक्कम पटली नाही तर जिल्हा न्यायाधीशांकडं जाता येतं, हे त्याच कायद्यात आहे, पैसे घेतले म्हणजे हक्क संपला असं कोणी सांगितलं तर वकिलाला विचारल्याशिवाय मानू नका.

आणि पैशापेक्षा मोठी गोष्ट, वरची माती. चर खोदताना वरची एक-दीड फूट काळी माती वेगळी काढून ठेवायची आणि भरताना शेवटी वर घालायची असते. घाई असली की सगळी एकत्र ढकलतात, खालचा मुरूम वर येतो, त्यावर जड मशिनी फिरून जमीन दगडासारखी होते, आणि मग कित्येक हंगाम त्या पट्ट्यात भात गुडघ्याएवढासुद्धा होत नाही. आपल्या वडगाव-शहापूर-येळ्ळूरच्या शिवारात बासमतीचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात उतरत जातं, तिथं मधोमध असा उंचवटा राहिला तर वरच्याच्या रानात पाणी साचतं आणि खालच्याचं वाळतं, दोघांचीही जमीन कागदावर कोणी घेतलेली नसते. काम चालू असताना बांधावर उभं राहा. रोज फोटो काढा, तारीख दिसेल असे.

प्रश्न (निपाणी): माझं माहेर गुजरातला मेहसाण्याकडं आहे, तिकडं शेतात तेलाच्या विहिरी आहेत आणि वर्षाला भाडं येतं. भाऊ म्हणतो भाडं येतंय तर राब राब राबून शेती कशाला, पडू दे पडीक. त्यात वाईट काय?

उत्तर: ताई, भावाचं एका अंगानं बरोबर आहे, ज्या शेतीत खर्च निघत नाही तिथं आयतं भाडं कोणाला नको. मेहसाणा, अंकलेश्वर भागात साठ वर्षांपासून अशा विहिरी शेतात आहेत आणि कित्येक जण विहिरीच्या कडेनं कापूस, एरंडी घेतातही, सगळीकडं नायजेरियासारखंच झालंय असं नाही.

पण तीन गोष्टी भावाच्या कानावर घाला. खालचं तेल त्याचं नाही, आपल्या देशात ते सरकारचं, रॉयल्टी राज्याला जाते, त्याला मिळतं ते फक्त वरच्या जागेचं भाडं. विहीर आटली की भाडं बंद. आणि कंपनीच बुडाली तर? कॅनडात अल्बर्टा राज्यात हेच झालं, कंपन्या बुडाल्या, विहिरी बेवारस राहिल्या, शेतकऱ्याचं भाडं थकलं आणि रानात गंजलेला पाइप तसाच. तिथं प्रश्न पडला की उरलेल्या पैशातून आधी बँकेचं कर्ज फेडायचं की विहीर बुजवून जमीन नीट करायची, तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि 31 जानेवारी 2019 ला निकाल आला की आधी जमीन. शेतकऱ्याचं थकलेलं भाडं मात्र त्यात आलं नाही.

तिसरी गोष्ट तुम्हाला जास्त कळेल. भाडं मिळतं उताऱ्यावर नाव असलेल्याला. शेत पडीक टाकलं तर भांगलायला येणाऱ्या बायकांचं काय, वाट्यानं करणाऱ्याचं काय, बांधावरच्या गवतावर एक म्हैस सांभाळणाऱ्या म्हातारीचं काय? निपाणीत तंबाखूच्या वखारीत आणि विड्या वळण्यात बायांनी किती वर्षं काढलीत ते तुम्ही बघितलंय, हातचं काम गेलं की दुसरं काम लगेच कोणी देत नाही. त्यांना भाडं नाही, भरपाई नाही, कुठल्या यादीत नाव नाही. आणि जमीन चार-पाच वर्षं पडली की कुंदा-हराळी माजते, पाट बुजतात, पोराला औत धरायचं माहीत राहत नाही, मग भाडं थांबल्यावर परत सुरू करायचं म्हटलं तरी करणारं कोणी नसतं.

तमिळनाडूतल्या शेतकऱ्यांनी वेगळं केलं ते पण सांगा त्याला. कावेरीच्या मुखाकडचा भाग, भोसल्यांचं तंजावर जिथं आहे तोच. कथिरामंगलम गावात 30 जून 2017 ला पाइप गळून तेल शेतात आलं, त्याच वर्षी नेडुवासलला गॅसच्या प्रकल्पाविरुद्ध गाव महिनोन्महिने बसून राहिलं, बायका-पोरांसकट. शेवटी फेब्रुवारी 2020 ला तिथल्या सरकारनं कायदा केला, तंजावर, तिरुवारूर, नागपट्टिणम आणि शेजारचे काही तालुके संरक्षित शेती क्षेत्र, तिथं नव्यानं तेल-गॅस शोधायचं काढायचं नाही. आधीच्या विहिरी चालूच राहिल्या, तेवढी त्यात कमतरता आहे. तरी भाताची जमीन भाताची म्हणून राखायची असं एका राज्यानं कायद्यात लिहिलं, आपल्या बेळगावच्या बासमतीच्या शिवारासाठी असं काही कोणी मागितलं तर मी पहिली सही करीन.

प्रश्न (कडोली): मी मराठा लाइट इन्फंट्रीतून रिटायर्ड. आसामला पोस्टिंग होती, त्या भागातल्या बाघजानच्या आगीचे व्हिडिओ नंतर बघून झोप लागली नाही. तिथली शेतं परत पिकतील काय? तेल मुरलेली जमीन कधी सुधारते का?

उत्तर: साहेब, सुधारते, पण कशी आणि किती मुरलं त्यावर आहे. बाघजानला, तिनसुकिया जिल्ह्यात, 27 मे 2020 ला ऑइल इंडिया या सरकारी तेल कंपनीच्या पाच नंबरच्या विहिरीतून गॅस आणि तेल उसळलं, 9 जूनला पेट घेतला, आग विझवणारे दोन जवान गेले, आणि विहीर बंद व्हायला नोव्हेंबरचा मध्य उजाडला. हजारो लोक छावणीत राहिले, लॉकडाऊनच्या दिवसांत. भाताची खाचरं, छोट्या शेतकऱ्यांचे चहाचे मळे, शेजारचं मागुरी-मोटापुंग तळं, सगळ्यावर तेलाचा थर बसला.

तेल मातीत गेलं की माती पाणी धरत नाही, पाऊस पडला तरी वरून घरंगळून जातो. जे जिवाणू तेल खातात त्यांना नत्र लागतं, ते पिकाच्या वाट्याचं नत्र ओढतात म्हणून रोप पिवळं पडतं. पण हेच जिवाणू उपायही आहेत. दिल्लीच्या टेरी संस्थेनं असे जिवाणू एकत्र करून ऑइलझॅपर नावाचं मिश्रण काढलंय, ओएनजीसीच्या तेलकट गाळावर आणि तेल सांडलेल्या जमिनीवर ते वापरलं जातं. वरच्या थरातलं तेल, नांगरून हवा दिली, नत्र-स्फुरद दिलं, ओल ठेवली तर काही महिन्यांत ते एक-दोन वर्षांत बरंच उतरतं. पाच मीटर खाली गेलेल्याला तिथं हवाच पोचत नाही, तिथं ओगोनीलँडसारखी पिढी जाते. त्यामुळं पहिल्या काही आठवड्यांत तेल उचललं की नाही यावर शेताचं पुढचं सगळं अवलंबून असतं, आणि नेमके तेच आठवडे जबाबदारी कोणाची या वादात जातात.

तुम्ही शिस्तीतला माणूस, गावात तुमचं ऐकतात, तर एक काम घ्या. आपल्या शिवारातून पाइप, रस्ता, कारखान्याचं पाणी, काहीही जायचं ठरलं की ते यायच्या आधी मातीचे नमुने काढून ठेवा. पट्ट्यातले आणि पट्ट्याबाहेरचे दोन्ही, वरच्या अर्ध्या फुटातले वेगळे आणि एक ते दोन फुटातले वेगळे. सर्वे नंबर, तारीख लिहायची, दोन पंचांच्या सह्या घ्यायच्या, अर्धा नमुना तपासायला द्यायचा आणि अर्धा सीलबंद गावात ठेवायचा. कुठं द्यायचा ते रयत संपर्क केंद्रात विचारलं तर सांगतात. तेल सांडल्यानंतरचा नमुना असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत नको, काचेच्या बरणीत गच्च झाकण लावून, थंड ठेवून लगेच पोचवायचा. विहिरीचं पाणी पण, पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा. आधीची माती कशी होती याचा कागद हातात नसला तर समोरचा म्हणतो तुमची जमीन पहिल्यापासूनच अशी होती, आणि त्याला खोटं पाडायला काहीच नसतं. फॉर्मचा मराठी नमुना हवा असेल तर तसं कळवा, पुढच्या अंकात छापतो.